पीआयसीयूत लेकरू ओळख देईना, बरळायला लागलं तर आईबापांनी काय करायचं

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कोपरखैरण्यात राहते, एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात आमची चिऊ (घरातलं नाव, साडेचार वर्षांची) न्यूमोनियाने 14 दिवस पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) होती, त्यातले 6 दिवस व्हेंटिलेटरवर. घशातली ट्यूब निघाली तेव्हा आम्ही दोघं खाली कॅन्टीनला जाऊन चहा प्यायलो, सुटलो एकदाचे म्हणालो, आणि त्याच संध्याकाळपासून जे सुरू झालं त्याबद्दल आम्हाला कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. आता ओळखीतलं कोणाचं मूल आयसीयूत गेलं की मला फोन येतो, प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

याला डेलिरियम म्हणतात. आपली जुनी माणसं "वात झालाय" म्हणायची ना, मुदतीच्या तापात पोरगं असंबद्ध बडबडायला लागलं की, तेच हे. आजार छातीत असो पोटात असो, त्याचा ताण आणि औषधांचा मारा मेंदूवर येतो आणि मेंदूचं काम थोड्या दिवसांसाठी बिघडतं. लक्ष लागत नाही, आपण कुठे आहोत कळत नाही, दिवसरात्र उलटी होते, नसलेलं दिसतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हे तासातासाला बदलतं, सकाळी राउंडला डॉक्टर येतात तेव्हा मूल बरं असतं आणि संध्याकाळी सात वाजता ते आपलं मूलच नसतं. हे वेड नाही, हट्ट नाही, लाडावलेलं नाही आणि बाहेरचं तर मुळीच नाही. 2017 साली वेगवेगळ्या देशांतल्या 25 पीआयसीयूंमधली 994 मुलं तपासून एक अभ्यास छापून आला, त्यात ज्यांच्याबद्दल नक्की ठरवता आलं त्यांतल्या 25 टक्के मुलांना डेलिरियम निघालं होतं, म्हणजे चारातलं एक. त्यामुळे "आमच्याच वाट्याला का" असं मनात आलं तर आजूबाजूच्या बेडकडे एकदा बघा.

गप्प पडलेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्या

डेलिरियम म्हटलं की लोकांना वाटतं आरडाओरडा, नळ्या ओढणं, हात झाडणं. तसंही असतं, आणि ते लगेच सगळ्यांच्या लक्षात येतं कारण चार माणसं धावत येतात. पण दुसरा प्रकार असतो त्यात मूल अगदी शांत होतं. डोळे उघडे, पण बघत नाही. हाक मारली तर मान वळायला वेळ लागतो. खेळणं हातात दिलं तर तसंच धरून ठेवतं नाहीतर पडू देतं. मुलांमधे हाच प्रकार खूप असतो आणि हाच निसटतो, कारण शांत मूल कोणाला त्रास देत नाही. काही मुलांत दोन्ही आलटून पालटून.

चिऊचं असंच झालं. पहिल्या संध्याकाळी ती पांघरुणावरून काहीतरी वेचत होती. बोटं चिमटीत धरून, एकेक. मी विचारलं काय गं, तर म्हणाली "मुंग्या". मुंग्या कुठल्या, पांढरी चादर होती. मग छताकडे बघून कोणाला तरी "तू जा, तू जा". माझ्याकडे बघून आई म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी एकदम गप्प. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या "आज बरीय, शांत पडलीय, अजिबात त्रास नाही", आणि खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं होतं. दुपारच्या पाळीला एक केरळच्या सिस्टर आल्या, त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, नाव घेऊन दोनदा हाक मारली आणि मला विचारलं, "मम्मी, बेबी घर पे भी ऐसा ही रहता है क्या?" तो प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळाच आला, कारण घरी ही मुलगी झोपेतसुद्धा गप्प नसते.

सगळं तिथेच आहे. तुमचं मूल एरवी कसं असतं हे त्या अख्ख्या आयसीयूत फक्त तुम्हाला माहिती असतं. मॉनिटरला सॅच्युरेशन कळतं, तुमचं मूल एरवी पाणी कसं मागतं ते नाही कळत. ते तुम्ही सांगायचं, आणि नुसतं "डॉक्टर, हिला बरं वाटत नाहीये" असं नाही तर मोजूनमापून.

"एरवी कसं असतं" याचा कागद करा

पहिल्याच दिवशी, मूल गुंगीत असलं तरी, एक वहीचं पान घ्या आणि लिहा. घरातली भाषा कुठली (हे फार महत्त्वाचं, आमच्या शेजारच्या बेडवरच्या पोराला फक्त भोजपुरी कळत होती आणि सगळे त्याच्याशी मराठी हिंदीत बोलून "रिस्पॉन्स नाही" लिहीत होते). घरात हाक काय मारता, कारण फाइलवरच्या नावाला चिऊ ओ देतच नाही. बोलणं किती, वाक्यं बोलतं की शब्द. चष्मा आहे का, कानाला मशीन आहे का. शू लागली की कसं सांगतं, दुखलं की कसं रडतं. झोपताना काय लागतं. अनोळखी माणसाला बुजतं की लगेच मांडीवर जातं. आधीपासून काही अडचण असेल, फिट्स, उशिरा बोलणं, ऑटिझम, तर ते तर लिहाच, कारण अशा मुलांना धोका जास्त आणि ओळखणंही अवघड. दोन वर्षांच्या आतल्या बाळांनाही धोका जास्त. बाळ बोलत नाही म्हणून काही लिहिण्यासारखं नाही असं समजू नका, दूध पिताना डोळ्यांत बघतं का, आईच्या आवाजाला वळतं का, उचललं की थांबतं का, हेच त्याचं एरवीचं.

सोबत फोनवरचा एखादा साधा व्हिडिओ, वाढदिवसाचा नको, त्यात सगळीच मुलं नाचत असतात, जेवतानाचा किंवा भांडतानाचा असा, तो सिस्टरना दाखवा. मी चिऊचा सोसायटीतल्या मांजरीला ओरडतानाचा दाखवला. पाच सेकंदांत त्यांना कळलं की समोर पडलेली मुलगी आणि ही मुलगी वेगळी आहे. कागद पायथ्याशी क्लिपला लावायला सांगा, पाळी बदलली की नवीन माणसाला आयता मिळतो.

डॉक्टर काय बघतात, आणि तुम्ही काय बघायचं

मुलांच्या डेलिरियमसाठी एक तपासणी आहे, सीएपीडी, न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टर चानी ट्राउब आणि त्यांच्या टीमची, 2014 साली तपासून छापलेली. यात सुई नाही, मशीन नाही, रक्त नाही, नुसते 8 प्रश्न, सिस्टरने पूर्ण पाळीभर मुलाला बघून त्यांची उत्तरं द्यायची. प्रत्येकाला 0 ते 4 मार्क, एकूण 32, आणि 9 किंवा वर गेलं की डेलिरियमचा संशय धरून पुढे बघायचं. अगदी तान्ह्या बाळांपासून मोठ्या मुलांपर्यंत चालते. इथे मार्क जास्त म्हणजे वाईट, शाळेच्या उलटं.

प्रश्न साधे आहेत म्हणून सांगते, तुम्हीही मनात ठेवून बघू शकता. मूल सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांत बघतं का. हातापायांच्या हालचालींना काही अर्थ आहे का, म्हणजे खेळण्याकडे हात जातोय की नुसता हवेत. आपल्या आजूबाजूला काय चाललंय याचं भान आहे का. हवंनको सांगतं का, कसंही, बोलून खुणेने रडून. हे चार नसतील तर मार्क वाढतात. मग उलटे चार: सतत चुळबुळ आहे का, काही केल्या समजूत पटत नाही असं आहे का, जागं असून फार कमी हलतंय का, आणि हाक मारल्यावर प्रतिसाद द्यायला फार वेळ लावतं का.

आता लक्षात ठेवा, मूल गाढ गुंगीत असेल, हाक मारून स्पर्श करूनही काहीच नाही, तेव्हा ही तपासणी करता येत नाही, थोडं जागं व्हावं लागतं. आणि तुम्ही घरबसल्या बेरीज करून "डॉक्टर 14 आले" असं जाऊन सांगू नका, मी केलं होतं ते, ज्युनियर डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यापेक्षा असं बोला: "काल संध्याकाळी सहापासून ती माझ्याकडे बघत नाहीये, एरवी मी दारात दिसले की हात पुढे करते. पांघरुणावरून काहीतरी वेचतेय. दुपारी दोन तास ठीक होती. तुम्ही डेलिरियमसाठी तपासलंय का, स्कोअर किती आहे?" वेळ, काय दिसलं, एरवी काय असतं, आणि मग प्रश्न. या क्रमाने सांगितलं की कोणी टाळू शकत नाही. काही ठिकाणी ही तपासणी रोज होते, काही ठिकाणी डॉक्टर नुसतं बघून ठरवतात, आमच्याकडे तोपर्यंत कोणी केलीच नव्हती. भांडायचं नाही, पण सोडायचंही नाही. आरएमओ (तिथले ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) ऐकत नसेल तर मुख्य पीआयसीयू कन्सल्टंटच्या राउंडची वेळ विचारून तेव्हा उभं राहायचं.

कारण शोधायला लावा

डेलिरियम हा धूर आहे, आग दुसरीकडे असते. त्यामुळे "डेलिरियमचं औषध द्या" हा पहिला प्रश्न नाही, "हे कशामुळे" हा पहिला प्रश्न. डॉक्टर जे तपासतात ते साधारण असं: ऑक्सिजन कमी पडतोय का, साखर उतरलीय का, सोडियम वरखाली झालंय का, किडनी लिव्हरचं काय, नवीन इन्फेक्शन आलंय का (सेंट्रल लाइनचं म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, लघवीच्या नळीचं), ताप, दुखणं, आणि हे ऐकून हसू नका, संडास झाली नाहीये का, लघवी तुंबलीय का. बोलता न येणाऱ्या मुलाला पोट फुगून दुखत असेल तर ते करणार काय, हातपायच झाडणार.

मग औषधं. इथे थोडं थांबून सांगते कारण आमचं कारण बहुतेक हेच होतं. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला बहुतेकदा गुंगी द्यावी लागते, नळी घशात असताना जागं ठेवणं म्हणजे छळ. पण मिडाझोलाम, लोराझेपाम या जातीची औषधं डेलिरियमचा धोका चांगलाच वाढवतात, जितकी जास्त तितका जास्त. 2022 साली आयसीयू डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेने, एससीसीएमने, मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ही औषधं शक्य तितकी कमी ठेवा असंच सांगितलंय. अ‍ॅलर्जीवरची जुनी गुंगी आणणारी औषधं, फेनर्गनसारखी, तीही मेंदू गढूळ करतात. तुम्ही विचारायचं एवढंच: "गुंगीचं कुठलं औषध चालू आहे, किती दिवस, आज कमी करता येईल का, दुसरं काही चालेल का?" डेक्समेडेटोमिडिन नावाचं एक औषध बरेचदा पर्याय म्हणून वापरतात. ठरवणार डॉक्टर. पण विचारणाऱ्या आईबापांच्या मुलाची औषधांची यादी राउंडला एकदा जास्त वाचली जाते, हा माझा अनुभव.

याच्या उलटंही होतं. गुंगीची, वेदनेची औषधं पाच-सहा दिवस किंवा जास्त चालली आणि मग एकदम बंद केली तर शरीर ते मागतं. घाम, कापरं, जांभया, शिंका, जुलाब, उलटी, हलका ताप, भयंकर चिडचिड. त्याला विड्रॉवल म्हणतात आणि ते दिसायला डेलिरियमसारखंच, कधी दोन्ही एकत्र. म्हणून ट्यूब काढल्यावर औषध कसं उतरवणार, किती दिवसांत, हे आधीच विचारून ठेवा.

आणि काही गोष्टींना डेलिरियम समजून वाट बघायची नाही, त्याच क्षणी सिस्टरला ओरडून बोलवायचं: झटका आला, एका बाजूचा हातपाय ढिला पडला, तोंड वाकडं, डोळे एका बाजूला फिरले, बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, उठवूनही उठत नाही, श्वास वेगळा झाला.

बेडपाशी तुम्ही करू शकता असं

हे सगळं फुकट आहे आणि खरंच उपयोगाचं आहे, औषधाइतकंच म्हणा ना.

दिवस दिवसासारखा आणि रात्र रात्रीसारखी करा. आयसीयूत चोवीस तास ट्यूबलाइट, मॉनिटरचं टिंगटिंग, रात्री दोनला मावशी फरशी पुसायला येतात, मामा ऑक्सिजनची टाकी ढकलत जातात. मुलाला कळणार कसं की रात्र झाली? सकाळी पडदा उघडा, दिवे लावा, तोंड पुसा, केस विंचरा, "सकाळ झाली, आज बुधवार" असं सांगा. रात्री नऊनंतर दिवा मंद करायला सांगा, डोळ्यांवर उजेड येत असेल तर पडदा ओढा, अलार्मचा आवाज कमी करता येईल का विचारा, स्पंजिंग, वजन, ड्रेसिंग पहाटे चारला न करता सकाळी सातला चालेल का विचारा. सगळं ऐकलं जाणार नाही. दोन ऐकलं तरी झोपेचे तीन तास सलग मिळतात.

दर वेळी सांगा, तू कुठे आहेस. "तू हॉस्पिटलमधे आहेस, छातीत कफ झाला होता, ही नळी दूध द्यायला आहे, आई इथेच आहे, बाबा संध्याकाळी येणार." छोटी वाक्यं, तेच तेच, शंभरदा. प्रश्नांची सरबत्ती नको, "मी कोण? सांग ना मी कोण? हा कोण?" हे नातेवाईक हमखास करतात, आमच्या आत्याबाईंनी केलंच, आणि मूल आणखी घाबरतं. मुंग्या दिसत असतील तर "कुठे आहेत मुंग्या, वेडी आहेस का" नको, आणि "हो गं केवढ्या मुंग्या" पण नको. मी म्हणायचे "तुला दिसतायत, मला नाही दिसत, मी झटकते हं", आणि चादर झटकायचे. पुढे डॉक्टर म्हणाले बरोबर केलंत, तेव्हा मला निव्वळ सुचलं होतं.

चष्मा, कानाचं मशीन लगेच घाला, ते लॉकरमधे ठेवून काय उपयोग. घरातली एक वस्तू आणा, धुतलेली, इन्फेक्शनचे नियम विचारून. चिऊची गोधडी आणली तर आधी नको म्हणाले, गरम पाण्यात धुवून इस्त्री करून पिशवीत आणली तेव्हा चालली. आणि आवाज आणा. माझ्या नवऱ्याची महापेला शिफ्ट असते, त्याला भेटायच्या वेळेत जमायचं नाही, म्हणून तो सकाळी गॅलरीत उभं राहून आमच्याकडचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, कुकरची शिट्टी, शेजारच्यांची बेल, आणि सायकलवर येणाऱ्या पाववाल्याचा भोंगा. मी दोनदा तिनदा हळू आवाजात लावायचे, दिवसभर कानाशी फोन नाही. कार्टून सतत लावून ठेवू नका, लुकलुकणारा स्क्रीन या मेंदूला जड जातो, आणि झोपेच्या वेळी तर नकोच.

हलवा. म्हणजे डॉक्टरांना विचारून. मांडीवर घेता येईल का, बेडचं डोकं वर करून बसवता येईल का, फिजिओथेरपिस्ट कधी येणार. नळ्या असतानाही मांडीवर घेता येतं, दोन माणसं लागतात एवढंच. हात बांधून ठेवलेले असतील तर विचारा अजून गरज आहे का. नळी ओढू नये म्हणून कधी बांधावे लागतात, मान्य, पण बांधलेलं मूल आणखी बिथरतं. तुम्ही शेजारी बसून हात धरत असाल तर बरेचदा सोडतात. त्यासाठीच भेटायच्या वेळेवर थोडा वाद घालावा लागला तर घाला. आमच्याकडे 11 ते 12 आणि 5 ते 6 अशी वेळ होती, मी मुख्य डॉक्टरांना लेखी अर्ज दिला की डेलिरियम आहे, आई जवळ राहिली तर मदत होईल, तेव्हा दिवसा बसू दिलं. तोंडी मागितलं होतं तेव्हा सिक्युरिटीवाल्यानेच परत पाठवलं होतं.

औषधाचं काय

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापीन अशी नावं कानावर येतील. नावं गुगल केली की "मानसिक रोग" दिसतं आणि घरात रडारड सुरू होते. तर असं आहे की ही सरसकट द्यायची औषधं नाहीत, त्याच 2022 च्या मार्गदर्शनात ती रोजच्या वापराला नको म्हटलंय. पण मूल इतकं बेभान असेल की स्वतःला इजा करेल, ट्यूब उपटेल, किंवा सगळं करूनही दिवसेंदिवस सुटतच नसेल, तेव्हा थोड्या दिवसांसाठी देतात. दिली तर विचारा ईसीजी काढला का, कारण यातल्या काहींनी हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, आणि विचारा बंद कधी करणार. घरी जाताना चुकून चालूच राहिली असं होऊ देऊ नका. चिऊला लागली नाहीत, गुंगीची औषधं उतरवल्यावर चौथ्या दिवशी फरक पडला.

घरच्यांचं

सासूबाई म्हणाल्या नजर लागलीय. मी त्या वेळी चिडले, नंतर कळलं की त्यांनाही काहीतरी करायचं होतं आणि आत सोडत नव्हते. मीठमोहऱ्या घरी तिच्या फोटोवरून ओवाळू द्या, कोणाचं काय जातं. फक्त अंगारा तोंडात नाही, नळीजवळ नाही, कपाळाला लावायचा तर सिस्टरना विचारून, तेल, काढा, मध काही गुपचूप पाजायचं नाही, आणि "आता मांत्रिकाकडेच नेऊ, डिस्चार्ज घ्या" म्हणणाऱ्या काकांना गेटवरूनच चहा पाजून परत पाठवायचं.

स्वतः झोपा. दोघांनी पाळ्या लावा. मी तीन रात्री जागले आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी काय सांगितलं त्यातलं मला काही आठवेना, अख्खं राउंड वाया. वही ठेवा, त्यात लिहा. फारच कोसळल्यासारखं झालं तर 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मराठीत बोलतात, मी एकदा पार्किंगमधून लावला होता.

आयसीयू नसताना, घरीच ताप आणि बडबड

हे फोन जास्त येतात म्हणून इथेच सांगते. पावसाळ्यात ठाण्यात काय नवी मुंबईत काय, घरटी एक ताप असतो. 103 ताप चढला की मूल दहा मिनिटं काहीतरी बरळतं, भिंतीकडे बघून घाबरतं आणि ताप उतरला की खेळायला लागतं, असं होऊ शकतं, तरी डॉक्टरांना सांगायचंच. पण ताप उतरूनही भान येत नाही, उठवलं तरी परत गुंगतं, मान ताठ, झटका, सारख्या उलट्या, अंगावर जांभळे डाग, हातपाय गार, लघवी कमी, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट नाही बघायची. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून रक्त यांच्यासोबत एकदम सुस्त पडणं किंवा विचित्र चुळबुळ ही धोक्याची खूण आहे. "ताप गेला, आता दमून झोपलाय" म्हणून सोडू नका. 108 लावा, किंवा रात्री ठाणे-बेलापूर रोड मोकळा असतो तर रिक्षा काढा, पण निघा.

सुटल्यावर

चिऊ सुधारली ते एकदम नाही. आधी डोळ्यांत बघायला लागली. मग हात झटकला माझा, चिडून, आणि मला इतकं बरं वाटलं. बाराव्या दिवशी सकाळी मी रेकॉर्डिंग लावलं तर भोंगा ऐकून म्हणाली, "पाववाला आला, बाबा गेला का खाली?" आवाज घोगरा, ट्यूबमुळे. त्या केरळच्या सिस्टर शेजारच्या बेडचं सक्शन करत होत्या, त्यांना मराठी येत नाही, तरी त्यांनी वळून अंगठा दाखवला.

घरी आल्यावर काही आठवडे झोपेत दचकणं, एकटं न झोपणं, अंथरुणात शू, पांढरा कोट बघून किंचाळणं, शाळेत लक्ष न लागणं हे होऊ शकतं. बाहुलीला सुया टोचून हॉस्पिटल हॉस्पिटल खेळेल, खेळू द्या, तसंच ते बाहेर पडतं. मुंग्यांबद्दल विचारलं तर खरं सांगा, "तू खूप आजारी होतीस, तेव्हा औषधांमुळे तुला तसं दिसत होतं". शाळेत वर्गशिक्षिकेला आधी भेटून ठेवा. महिना दीड महिना झाला तरी भीती कमी होत नसेल, शिकलेल्या गोष्टी विसरलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते गरज वाटली तर बालमानसोपचार किंवा विकासतज्ज्ञाकडे पाठवतील.

आणि डिस्चार्ज कार्डावर डेलिरियम झालं होतं, किती दिवस, कुठल्या औषधांवर असताना, हे लिहून घ्या. पुढे कधी ऑपरेशन असेल, भूल द्यायची असेल, परत आयसीयू लागलं तर पहिल्याच दिवशी हा कागद पुढे करायचा. आमच्या कार्डावर हे नव्हतंच, नुसतं न्यूमोनिया होतं. बिल भरून झालं होतं, चिऊ खांद्यावर झोपली होती, रिक्षावाला खाली मीटर चालू ठेवून उभा होता. मी परत वर गेले. पाऊण तास लागला, आरएमओने पेनने दोन ओळी घालून सही शिक्का दिला.